अर्धवेळ गुरुजींचा आठवडा

शाळेचें वेळापत्रक म्हणजे भिंतीवर चिकटविलेला एक कागद, असें विद्यार्थ्यांस वाटतें. परंतु त्या चौकटींवर ज्यांची भाकरी अवलंबून असते, त्यांस तो कागद निराळाच दिसतो. आम्ही हिंजवडी येथील एका शाळेंत संस्कृतचे अर्धवेळ शिक्षक आहोंत. आठवी, नववी व दहावी या प्रत्येक इयत्तेस आठवड्यांतून ४, अशा एकंदर १२ तासिका आमच्या वाट्यास येतात. तासिका ३५ मिनिटांची. म्हणजे शिकविण्याचा काळ ७ तासांचा. वेतनही तासिकेप्रमाणेंच मिळतें.

या १२ तासिका आठवड्यांत कशा मांडाव्या, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. प्रथम त्या सहाही दिवशीं दोन-दोन अशा होत्या. एक सकाळची पहिली व दुसरी अगदीं शेवटची. आम्ही चिंचवडाहून येतों. मुळशी तालुक्यांतील या गांवीं पूर्वी शेतें होतीं. आतां तेथें राजीव गांधी इन्फोटेक पार्कचीं कार्यालयें उभीं असून, वाकडच्या पुलापासून शिवाजी चौकापर्यंत वाहनांची रांग मुंगीच्या पावलांनीं सरकते. जाण्यायेण्यांत रोज २ तास मोडत. ७ तास शिकविण्यासाठीं १२ तासांचा प्रवास, आणि मधला रिकामा वेळ वेगळाच! ज्यांवर घरखर्चाचा उरलेला भार होता, त्या खाजगी शिकवण्याही सुटूं लागल्या.

मग सर्व तासिका सोमवार व मंगळवार या दोन दिवसांत कोंबून पाहिल्या. प्रवास ४ तासांवर आला खरा. परंतु मंगळवारीं पाठ झालेलीं विभक्तिरूपें पुढील सोमवारपर्यंत टिकेनात. बुधवारीं शंका आली तर विचारावयास कोणी नसे, आणि सोमवारीं सुटी आली कीं निम्मा आठवडा बुडे.

असें कां व्हावें? जर्मन पंडित हर्मान एबिंगहाउस यांनीं निरर्थक अक्षरांच्या माळा स्वतः पाठ करून केलेले प्रयोग १८८५ सालीं प्रसिद्ध केले. एकाच दिवशीं केलेल्या ६८ आवृत्त्यांनीं जेवढें साधलें, जवळजवळ तेवढेंच तीन दिवसांवर वांटलेल्या ३८ आवृत्त्यांनीं साधलें, असें त्यांस आढळलें. थेंबे थेंबे तळें सांचे, हें आपल्याकडे आजीबाईही सांगतात.

मुलांचें हित तासिका पसरण्यांत व शिक्षकाचें त्या एकत्र येण्यांत. मग तोड कोणती? कागदावर आंकडे मांडतां उत्तर सांपडलें. सोमवार, मंगळवार, गुरुवार व शनिवार, रोज लागोपाठ तीन तासिका, प्रत्येक इयत्तेस एक. मुलांस चार दिवस संस्कृत मिळालें, प्रवास ८ तासांवर आला, आणि दोन दिवस पोटापाण्याच्या इतर कामास मोकळे झाले. शनिवारीं बहुतेक कार्यालयें बंद असल्यानें रस्ताही मोकळा! मुख्याध्यापकांनीं गणिताच्या दोन तासिका हलवून ही योजना मान्य केली.

हा प्रश्न एकट्या संस्कृतचा नाहीं. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुलें असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठीं अर्धवेळ निदेशक सांगितले आहेत. चित्रकलेस रंग वाळेपर्यंत जोडतासिका हवी. व्यायाम रोज थोडा हवा. म्हणून प्रत्येक विषयाची मांडणी निराळी, परंतु शिक्षकाचा वाटेंत जाणारा वेळ सर्वत्र मोजला पाहिजे.

पालकहो, गुरुजी बुधवारीं शाळेंत कां नव्हते, याचें कारण हें आहे. आणि विद्यार्थिमित्रांनो, त्या दिवशीं शंका आली तर वहीच्या समासांत टिपून ठेवा. गुरुवारीं आम्ही प्रथम तीच विचारूं.