यात्रेची शिदोरी

बेळगाव शहरातून खानापूर रस्त्याने निघाले की टिळकवाडी मागे पडते आणि उद्यमबाग लागते. नावात बाग आहे. परंतु येथे फुलझाडांचे ताटवे नाहीत. ओतकामाच्या भट्ट्या, लेथखाली साचलेला लोखंडाचा कीस, तेलाचा उग्र वास आणि पाळी बदलताना फाटकापाशी होणारी सायकली-मोटारसायकलींची दाटी, हेच येथले दृश्य. उद्यम हेच या बागेचे पीक होय. आपल्या खेड्यापाड्यांतील कितीतरी घरांची चूल या पिकावर पेटते. १९७९ साली स्थापन झालेले गोगटे तंत्रविद्यालयही येथेच असल्यामुळे पाठीवर पिशवी टाकून घाईघाईने चालणाऱ्या मुलीही या रस्त्यावर रोज दिसतात.

हाच रस्ता पुढे खानापूर, लोंढा करीत गोव्याकडे उतरतो. शहराच्या दुसऱ्या अंगाने निघणारा महामार्ग निपाणीवरून कोगनोळीच्या नाक्यापाशी कर्नाटकाची हद्द ओलांडतो आणि कोल्हापूरला पोहोचतो. तेव्हा उद्यमबाग हे आपल्या लोकांचे जसे कामाचे ठिकाण, तसेच यात्रेच्या वाटेवरचे पहिले ठिकाणही आहे. या वाटेवरून पूर्वी कोण जात असे, हल्ली कोण जाते, कोणते सामान घेऊन आणि कोणाच्या पैशाने, याचा थोडा विचार आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी प्रवासाचे सामान म्हणजे पत्र्याची ट्रंक, सतरंजीत गुंडाळून दोरीने आवळलेली वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा. ट्रंक डोक्यावर घ्यावयास हमाल लागे, नाहीतर घरातला धडधाकट पुरुष लागे. सामान उचलणारा पुरुष बरोबर नसेल, तर बाईने घराबाहेर पडू नये, असा जणू नियमच होता. म्हणजे स्त्रीच्या पायात बेडी होती ती केवळ रूढीची नव्हे. ती ट्रंकेच्या वजनाचीही होती.

ही बेडी कशी सैल झाली, याची हकीकत उद्यमबागेतील कामगारांना विशेष रुचेल. बर्नार्ड सॅडो नावाचे एक अमेरिकन गृहस्थ बॅगांच्या व्यवसायात होते. १९७० साली सहकुटुंब परदेशाहून परतताना ते दोन जड पेट्या ओढीत विमानतळावर उभे होते. तेवढ्यात एक कामगार एक अवजड यंत्र चाकांच्या फळीवर ठेवून सहज ढकलीत नेताना त्यांना दिसला. जे यंत्राला चालते ते पेटीला का चालू नये, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी पेटीखाली चार चाके बसविली आणि १९७२ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. असे प्रयत्न त्यापूर्वीही झाले होते. परंतु बाजारात रुजला तो हा. आरंभी मात्र दुकानदार ती पेटी ठेवून घेईनात. पुरुष माणूस पेटी ओढीत नेईल का, ते त्याच्या मर्दपणाला शोभेल का, असा त्यांचा आक्षेप होता! पुढे १९८७ साली रॉबर्ट प्लॅथ नावाच्या एका वैमानिकाने पेटी उभी करून तिला दोन चाके आणि लांब दांडा लावला. विमानात काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या हाती प्रवाशांनी ती पाहिली आणि तेथून ती जगभर गेली. आज महाराष्ट्रात नाशिकच्या परिसरात अशा पेट्यांचे मोठे कारखाने आहेत. यंत्र हलविण्याची कामगाराची साधी युक्ती शेवटी बाईमाणसाच्या प्रवासाच्या उपयोगी पडली, ही गोष्ट खचित मनात ठेवण्यासारखी आहे.

तथापि सोय वेगळी आणि हौस वेगळी. हल्ली लग्नाच्या आहेरात चाकांच्या तीन-तीन बॅगांचा संच दिला जातो आणि तो कपाटावर धूळ खात पडतो. कोणी हप्त्याने महागडी बॅग घेतात आणि आत घालावयाच्या कपड्यांसाठी पुन्हा उसनवारी करतात. शिवाय ही चाके गुळगुळीत फरशीवर जशी धावतात तशी घाटातल्या बसथांब्यावर धावत नाहीत. मोठी चाकांची बॅग रिकामी असतानाच तीन-चार किलो भरते. उलट पाठीवरची साधी पिशवी एखादा किलो. रेल्वेच्या शयनयानात माणशी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते खरे, परंतु नेता येते म्हणून न्यावेच असे थोडेच आहे? बसच्या पायऱ्या चढताना जे सामान आपल्याला एका हाताने उचलता येते, तेवढेच आपले. बाकीचे दुसऱ्याच्या खांद्यावरचे ओझे, हा नियम बरा. प्रभू येशूने आपल्या शिष्यांना सुवार्तेसाठी धाडले, तेव्हा वाटेसाठी झोळी, भाकरी, पैसा किंवा जादा अंगरखा घेऊ नका, असे त्यांना बजावले होते. आपण संसारी माणसे तितके निःसंग होऊ शकत नाही. पण त्या आज्ञेचा रोख कोणीकडे आहे, हे पिशवी भरताना आठवावे.

आता पैशाकडे वळू. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारने 'शक्ती' योजना सुरू केली. राज्यातील स्त्रियांना राज्याच्या हद्दीत सरकारी साध्या बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास करता येतो. कर्नाटकातील रहिवासाचे ओळखपत्र दाखविले की वाहक शून्य रुपयांचे तिकीट देतो. आरामगाड्या आणि लांब पल्ल्याच्या आंतरराज्य गाड्या या सवलतीत नाहीत. जुलै २०२५ मध्ये अशा विनामूल्य प्रवासांची संख्या ५०० कोटींवर गेली. त्याआधी काही महिने, १७ मार्च २०२३ पासून, महाराष्ट्र सरकारने एस.टी.च्या सर्व गाड्यांत स्त्रियांना निम्मे तिकीट केले. तीही सवलत त्या राज्याच्या हद्दीपुरतीच. म्हणजे बेळगावची बाई निपाणीपर्यंत फुकट जाते, आणि एस.टी.ने पुढे कोल्हापूरला जाताना कोगनोळीपलीकडे तिला अर्धे तिकीट पडते. माणसांनी आखलेली सीमा बाईच्या कनवटीला अशी जाणवते!

या योजनेची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. बायका उगाच फिरतात, गाडीत पुरुषांना बसावयास जागा उरत नाही, असे बोल आपल्या पारावरही ऐकू येतात. गर्दी वाढली, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्या गर्दीत कोण असते, ते डोळे उघडून पाहावे. कामाला निघालेली मुलगी असते, दवाखान्यात निघालेली म्हातारी असते, आणि तिकिटाच्या पैशापायी ज्या लेकीला भेटावयाचे वर्षानुवर्षे राहून गेले, तिच्याकडे निघालेली आई असते. पवित्र मरिया देवदूताचा निरोप ऐकताच डोंगराळ प्रदेशातील आपल्या नातलगिणीकडे, एलिझाबेथकडे, त्वरेने गेली. त्या भेटीचे स्मरण आपण जपमाळेत करतो. मग आपल्या घरच्या मरियेने बहिणीकडे जाऊन यावे, यात 'उगाच' ते काय?

ख्रिस्तसभेच्या इतिहासात प्रवासी स्त्रिया काही अपवाद म्हणून आलेल्या नाहीत. संत लूक सांगतो की, मग्दालिया मरिया, योहान्ना, सुसान्ना आणि दुसऱ्या पुष्कळ स्त्रिया प्रभूबरोबर गावोगाव हिंडत होत्या, आणि आपल्या पदरच्या पैशांतून त्या सर्वांचा खर्च चालवीत होत्या. सम्राट कॉन्स्टंटाइनची माता संत हेलेना हिने ३२६ सालच्या सुमारास, उतारवयात, पवित्र भूमीची यात्रा केली. त्याच शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक भाविक स्त्री पश्चिमेकडून निघून जेरुसलेमला गेली, सीनाय पर्वत पायी चढली, आणि वाटेत जे पाहिले ते तिने आपल्या भगिनींना पत्रांतून लिहून कळविले. तिच्या त्या लिखाणाची प्रत १८८४ साली इटलीत आरेत्सो येथे सापडली. त्या काळच्या जेरुसलेममधील उपासना कशी चाले, हे आज विद्वानांना कळते ते बव्हंशी या बाईमुळे. आपल्या मराठी मुलखाकडे पाहिले तर पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तेथून अमेरिकेला गेल्या, आणि १८८९ साली त्यांनी त्या देशाचे प्रवासवृत्त मराठीत प्रसिद्ध केले. आज तर केवळ स्त्रियांसाठीच्या सहली नेणाऱ्या मराठी प्रवासी कंपन्याही आहेत. स्त्री घराबाहेर पडली म्हणून जग बुडाले नाही. उलट तिने पाहिलेल्या जगाची ओळख इतरांना झाली.

आणि तरीही आपल्या घरांतला हिशेब काय सांगतो? मुलांची शाळेची सहल होते, बापाचे मित्रांबरोबर गोव्याला जाणे होते; आईची वेलांकण्णी मात्र 'पुढच्या वर्षी' असते. तिचा नवस, तिची तळमळ. पण घरचे पैसे उरले तर, शेतातले काम आटोपले तर, म्हाताऱ्यांना सांभाळणारे कोणी मिळाले तर. ही तीन 'तर' कधी एकदम जुळत नाहीत. मग एके दिवशी गुडघे दुखू लागतात आणि ती यात्रा कायमची राहून जाते. बसचे तिकीट सरकारने माफ केले. घरच्या परवानगीचे तिकीट मात्र अजून महागच आहे.

यावर उपाय घरातच आहे. सरकारकडून गृहलक्ष्मी योजनेखाली कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यावर महिना २,००० रुपये जमा होण्याची व्यवस्था ऑगस्ट २०२३ पासून झाली आहे. ते पैसे बहुधा किराणा आणि फीमध्येच जातात, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु त्यांतले शंभर-दोनशे रुपये तिच्या नावाने बाजूला पडावेत. टपाल खात्यातील पाच वर्षांचे आवर्ती खाते महिना १०० रुपयांपासून उघडता येते. साठ हप्त्यांत मुद्दलच ६,००० रुपये होते, व्याज निराळे. बारा जणींनी मिळून महिना ५०० रुपयांची भिशी घातली, तर दरमहा एकीच्या हाती ६,००० रुपये येतात. मात्र भिशी ओळखीच्या आणि विश्वासाच्या माणसांतच असावी, दर महिन्याचा हिशेब सर्वांसमक्ष लिहावा. दुप्पट-तिप्पट पैशाचे आमिष दाखविणाऱ्या परक्या माणसाच्या हाती यात्रेचा पैसा कदापि देऊ नये. चिट फंड चालवावयास १९८२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, ती आधी पाहावी. आणि कर्ज काढून यात्रा तर करूच नये. यात्रेहून परतल्यावर सावकाराचे तोंड चुकवावे लागले, तर ती मनःशांती कसली?

मुदतीची बचत म्हणजे काय, हे आपल्या भागातील भाविकांना सांगावयास नको. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी घडते. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात ते झाले. त्या क्रमाने पुढचे २०३४ साली येईल. आज उघडलेले पाच वर्षांचे खाते संपल्यावर तेच पैसे पुन्हा ठेवले, तर तोपर्यंत आजी-नातीचा दोघींचा खर्च निघतो. दर वर्षीच्या नोव्हेनाला आणि ३ डिसेंबरच्या सणाला तर आपल्या भागातून पायी जाणारेही आहेत. वेलांकण्णीला जावयाचे असेल त्यांना वास्कोहून लोंढ्यावरून जाणारी साप्ताहिक गाडी सोयीची आहे.

एक गोष्ट संकोचाची असली तरी सांगणे भाग आहे. प्रवासात आपल्या स्त्रिया पाणी पीत नाहीत. वाटेत स्वच्छ शौचगृह मिळेल की नाही, या धास्तीने त्या दिवसभर घसा कोरडा ठेवतात. मग डोके दुखते, मूत्राचे विकार जडतात. सहल आखणारे बहुतेक पुरुष असल्यामुळे हा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही. म्हणून धर्मग्रामाची यात्रा ठरविताना दोघी-तिघी स्त्रियांना आखणीत घ्यावे. दर दोन-अडीच तासांनी योग्य ठिकाणी गाडी थांबवावी. पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू, मीठ-साखरेची पुडी, रोजची औषधे ही लाज न बाळगता बरोबर घ्यावीत. रेल्वेत अडचण आली तर १३९ आणि एरव्ही कोठेही ११२ हा क्रमांक लावावा. हे दोन आकडे आईला व मुलीला तोंडपाठ असावेत. ओळखपत्र आणि पैसे बॅगेत न ठेवता अंगाशी ठेवावेत. एक छत्री, एक चादर, एक जपमाळ. एवढ्याने पुष्कळ भागते.

नासरेथचे पवित्र कुटुंब दर वर्षी वल्हांडण सणासाठी जेरुसलेमला जात असे. योसेफ सुतार होता. हातावर पोट असलेला कामकरी होता, उद्यमबागेतील आपल्या माणसांसारखाच. तरी मरिया घरी राहिली आणि तो एकटा गेला, असे शुभवर्तमानात नाही. दोघे मिळून गेली, नातलगांच्या व ओळखीच्यांच्या मेळ्यात गेली, आणि बारा वर्षांच्या बाळ येशूला बरोबर घेऊन गेली. त्या घरात यात्रेचा खर्च हा उरल्यासुरल्या पैशाचा खर्च नव्हता. तो वर्षाच्या हिशेबात धरलेला होता.

तेव्हा कुटुंबप्रमुखांनो, येत्या रविवारी मिस्साहून परतल्यावर घरच्या माउलीला एकच प्रश्न विचारा: तुला कोठे जाऊन यावयाचे आहे? ती आधी हसेल, मग काही नको म्हणेल. पुन्हा विचारा. ती जे नाव घेईल ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेसह लिहून ठेवा, आणि त्या दिवसापासून तिच्या नावाने पहिले शंभर रुपये बाजूला काढा. गुरांना वैरण कोण घालील आणि म्हाताऱ्यांना जेवण कोण वाढील, हे तिने नव्हे, तुम्ही ठरवा. प्रवाशांचा सांगाती असलेला प्रभू तिची वाट सुखरूप करो आणि तिला कुशल घरी आणो.