घोडीवर घासणारी तार

मिरज

चि. बाळ,


साताऱ्याला तुझा रियाज नेमाने चाललाय, हे वाचून फार बरं वाटलं. मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर भागतंय, मग मोठा तानपुरा परत पाठवू का, असं विचारलंस. पाठवू नकोस.

मोबाइलवर पट्टी निवडली की झालं, तासभर सूर हलत नाही. प्रवासात मीही तोच लावते. पण तानपुरा लावण्यात जाणारा वेळ तू रियाजातून वजा करतेस, आणि माझ्या मते गाणं तिथूनच सुरू होतं. खुंटी पिळायची, मग मणी केसभर सरकवायचा, जोडीच्या दोन्ही तारा एक होईपर्यंत ऐकत राहायचं. हवा बदलली की पुन्हा लावायचा. कान तयार होतो तो असा. आयता सूर मिळाला की आपण तो ऐकायचंच सोडून देतो.

इथं सतारमेकर गल्लीत जवारी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याचा उतार, काढताना एकदा नीट बघ. कारागीर घोडीचा माथा कानशीनं जरासा घासतो, तार चढवून छेडतो, उतरवतो, पुन्हा घासतो. माथ्याला उतार इतकाच हवा, की कंप पावणारी तार त्याला सतत घासत राहील. मग तारेखाली सुती दोरा. तो जरा हलला की आवाज बसतो. नेमक्या जागी आला की पितळी खर्जातून गंधार निघतो, जो आपण कुठल्याच तारेवर लावलेला नसतो. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथं स्थिर राहणारे उपस्वर एरवी उमटत नाहीत. तानपुऱ्यात मात्र ते उमटतात आणि ही किमया घोडीची, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्येच दाखवलं होतं. म्हणजे तारेचं हे घासणं काढून टाकलं, तर तानपुऱ्यात तानपुरा उरतच नाही.

अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले, ते गाण्याइतकेच वाद्यदुरुस्तीतही तयार होते. इतका मोठा गवई, पण जवारीचं काम त्यांना हलकं वाटलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. पण पंढरपूरकडचा भोपळा निवडण्यापासून खपणाऱ्या या माणसांना तानपुरा रोज लावणारी गिऱ्हाइकंही हवीत.

दिवाळीत येशील तेव्हा तानपुरा घेऊन ये. गाडीत भोपळा मांडीवर धर, तारा उतरवून ठेव. जवारी इथंच करून घेऊ, आणि दोरा तूच सरकव.

तुझी,
आत्या