वावर नव्हे, शेत

सातवीत निबंधस्पर्धेत माझा पहिला नंबर आला. साल १९७९, विषय ‘आमचा नाथसागर’. बक्षिसाची कंपासपेटी घेऊन पळत घरी आलो. आजी चुलीपुढं बसली होती. तिनं पेटी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, “त्यात आपलं गाव लिव्हलं का रे?”

नव्हतं लिहिलं. म्हणजे आधी लिहिलं होतं, मग खोडलं गेलं.

आमचं जुनं गाव गोदाकाठचं. जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते ते देशाला अर्पण झालं. ही दोन सालं शाळेनं आमच्याकडून घोकून घेतली. मधल्या अकरा वर्षांत पैठण, गंगापूर, नेवासा, शेवगाव या तालुक्यांतली गावंच्या गावं उठली, त्याचं मात्र एकही साल पाठ करावं लागलं नाही. धरणाचं नावही इथलं नव्हे. मुळात ते बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचं होतं. जागा बदलली, नाव तेच राहिलं. नाथसागरात, म्हणजे या धरणाच्या जलाशयात, जे गाव बुडालंच नाही त्याचं नाव राज्यभर झालं. जी बुडाली ती फक्त धरणग्रस्तांच्या दाखल्यांवर उरली.

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, की आजीनं जातं बैलगाडीत चढवू दिलं नाही, मांडीवर घेऊन बसली. नदीकाठच्या मळईचं आमचं वावर, दारातला लिंब, गाव उठलं त्या रात्री कुत्री मागं राहिली, असंही काय काय होतं. गुरुजींनी वही जवळ घेतली. ‘वावर’ खोडून ‘शेत’ केलं. ‘गाव उठलं’च्या जागी ‘गावाचे पुनर्वसन झाले’ आलं. मग म्हणाले, “बाळ, हे घरचं झालं. निबंधात देशाचं लिहायचं असतं.” जातं गेलं, कुत्री गेली. त्यांच्या जागी सत्तावीस दरवाजे, डावा कालवा, उजवा कालवा आणि हरितक्रांती आली.

गुरुजी माणूस चांगला. वहीचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले होते. त्यांनी छडी मारली असती तर मनात अढी बसली असती, कदाचित मी ‘वावर’ हट्टानं जपलं असतं. त्यांनी पाठ थोपटली, म्हणून ते शिकणं आत मुरलं. त्याच आठवड्यात आजी काहीतरी सांगत होती, “मव्हं वावर व्हतं तवा...” आणि मी मध्येच म्हणालो, “आजी, वावर नव्हे, शेत.” ती हसली. पण पुढची गोष्ट तिनं सांगितली नाही. नंतर नंतर तर माझ्यासमोर ती जपूनच बोलायची, पाहुण्यापुढं बोलावं तशी.

ज्या गावानं ज्ञानदेवांच्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी दारोदार फिरवलं अशी कथा आहे, त्याच पैठणच्या वर्गात आम्ही शुद्धलेखन शिकत होतो. शाळेत एकनाथांची भारुडं होती, पण संमेलनात पागोटं घालून हसवण्यापुरती. लोकांच्या तोंडची बोली त्यांनी भारुडात मुद्दाम आणली, हे कुणी सांगितलं नाही. भारुड संपलं की आमची बोली पुन्हा अशुद्ध.

पुढं मीही जिल्हा परिषदेचा मास्तर झालो. प्रमाण मराठी शिकवूच नये असं मी कधी म्हणणार नाही. वाढीव मोबदल्याची वडिलांची कागदं याच भाषेनं मला वाचता आली. ‘खातेदार’, ‘संपादित क्षेत्र’, ‘लाभक्षेत्र’ हे शब्द कळले नसते तर तहसीलीच्या पायऱ्यांवरच आमचं म्हातारपण गेलं असतं. पण तीस-बत्तीस वर्षं माझ्या हातातही लाल पेन होता. एका पोरानं लिहिलं होतं, “मव्हा बाप गाळपेर करतो.” मी ‘मव्हा बाप’वर काट मारून ‘माझे वडील’ लिहिलं आणि ‘गाळपेर’खाली प्रश्नचिन्ह काढलं. मला, धरणग्रस्ताच्या पोराला, गाळपेर माहीत नव्हती असं नाही. धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरतात, ती. त्या गाळाखाली पूर्वी कुणाची तरी वावरंच होती. तरी प्रश्नचिन्ह काढलं, कारण पुस्तकात तो शब्द नव्हता.

२०१९च्या उन्हाळ्यात नाथसागर मृतसाठ्याच्याही खाली गेला. वडिलांना घेऊन गेलो. भेगाळलेल्या गाळातून ते काठी टेकत चालले, एका विहिरीच्या दगडी थारोळ्याशी थांबले आणि म्हणाले, “हितून आपलं वावर.” मी काही दुरुस्त केलं नाही. विचारायचं होतं ते आजीला, आणि ती जाऊन वीस वर्षं झाली होती.

काठच्या तालुक्यांतल्या शिक्षकांना एक विनंती आहे. धरणावर निबंध लिहून घ्याल तेव्हा घ्या, सत्तावीस दरवाजेही येऊ द्या. फक्त आदल्या दिवशी पोरांना घरी एवढंच विचारून यायला सांगा, की आपलं मूळ गाव कोणतं. आणि ते जे शब्द घेऊन येतील, त्यांवर पहिल्या दिवशी तरी लाल शाई लावू नका.