मजाजचा काळोख आणि चाहते

आम्हां मराठी मुसलमानांच्या घरची बोली कोणतीही असो, मुशायऱ्यात मन उर्दूचे होते. म्हणून मजाज आम्हांला कधी परका वाटला नाही.

रुदौलीत १९११ साली जन्मलेला हा शायर. १९३८ मध्ये त्याचा 'आहंग' आला. अलीगढच्या मुली त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकतात, असे किस्से पसरले. 'आवारा' या नज़्मेत त्याने रात्री शहरभर भटकणारा, बेजार, सारे उद्ध्वस्त करू पाहणारा माणूस उभा केला. तो काळोख इतका देखणा, की चाहते त्यावरच भाळले. पेला भरणारे पुष्कळ मिळाले, घरी पोहोचवणारे थोडे. डिसेंबर १९५५ मध्ये, लखनौच्या कडाक्याच्या थंडीत, तो एका दारूच्या गुत्त्याच्या छतावर रात्रभर पडून राहिला. सोबती केव्हाच निघून गेले होते. त्यातच तो गेला.

शायराने आपल्या काळोखाशी बोलावे, तो त्याचा हक्क. पण त्याने तिथेच मुक्काम करावा, हा हट्ट चाहत्यांचा असतो. दाद शेराला द्यावी, जखमेला नव्हे. स्त्रीला लढ्यात उतरायला सांगणारा मजाजही तितकाच खरा होता. त्याचे किस्से मात्र आम्ही मैफलीत फारसे ऐकले नाहीत.