बोट कुणाचं?

आजचा विषय ऐकून हसाल. मोबाईल ॲपमध्ये खाली चार-पाच टॅबची पट्टी असते ना, तिथे एका टॅबवरून दुसऱ्या टॅबवर माणसाने नाही तर प्रोग्रॅमने जायचं. बस्स, एवढंच. कोड लिहायला बसलात तर एक ओळ. नवीन लागलेला पोरगाही चहा येईपर्यंत करून मोकळा होईल. पण या एका ओळीवरून आमच्या हापिसात जेवढी भांडणं झाली, तेवढी पगारवाढीवरूनही झाली नसतील :)

कोडिंगशी ज्यांचा संबंध नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कोड टाकलेला नाही. ज्यांचा आहे त्यांना मधे दोन-तीन कामाच्या गोष्टी सापडतील.

आधी ही पट्टी आली कुठून ते बघू. २००७ साली पहिला आयफोन आला, तेव्हा त्यातल्या फोनच्या ॲपला खाली पाच टॅब होते: आवडते नंबर, अलीकडचे कॉल, संपर्क, कीपॅड आणि व्हॉइसमेल. पुढच्या वर्षी, २००८ मध्ये ॲपलने बाहेरच्या प्रोग्रॅमर मंडळींना ॲप लिहायची मुभा दिली आणि तीच पट्टी ‘यूआयटॅबबारकंट्रोलर’ या भारदस्त नावाने सगळ्यांच्या हातात आली. अँड्रॉइडवर सुरुवातीला टॅब बहुतेक वरच्या बाजूला असायचे. खालच्या पट्टीसाठी गूगलने ‘बॉटमनॅव्हिगेशनव्ह्यू’ हा तयार घटक दिला तो २०१६ मध्ये.

या पट्टीत एवढं काय आहे? आईचा मिसळणाचा डबा आठवा. हळद कुठल्या वाटीत, मोहरी कुठल्या वाटीत, हे तिला बघावं लागत नाही. फोडणी तडतडत असताना नजर कढईकडे आणि हात बरोबर हिंगाच्या डबीवर. घरात पाहुण्या आलेल्या मावशीने कौतुकाने डबा घासून वाट्या उलटसुलट लावल्या की दोन दिवस आमटीची चव बदललेली असते. टॅबची पट्टी म्हणजे हाच डबा. चार दिवस ॲप वापरलं की अंगठा न बघता जातो.

आणि डब्यापेक्षा एक गोष्ट जास्त. नीट लिहिलेल्या ॲपमध्ये प्रत्येक टॅब आपापली जागा लक्षात ठेवतो. ‘शोधा’मध्ये तीन पानं आत गेलात, मधेच ‘प्रोफाइल’वर जाऊन आलात, तरी ‘शोधा’ तिथेच उभा. आयफोनवर हे आपसूक मिळायचं. अँड्रॉइडच्या नॅव्हिगेशन लायब्ररीत ते २०२२ च्या जानेवारीत, २.४ आवृत्तीत आलं. तोवर जो तो आपापला जुगाड करत होता.

आता ती एक ओळ.

आयफोनवर ‘सिलेक्टेडइंडेक्स’ला आकडा द्यायचा की टॅब बदलला. मोजणी शून्यापासून, म्हणजे २ दिलात तर तिसरा टॅब. यात पहिला खड्डा हाच. सहा महिन्यांनी कोणीतरी मधे एक नवीन टॅब घुसवतो, आणि ‘रिपोर्ट पहा’ हे बटण दाबलं की बिल उघडतं. कंपायलर काही बोलत नाही, कारण २ हा २ च आहे. म्हणून आकडा कुठेही उघडा लिहू नका. टॅबना नावं द्या आणि नावावरून आकडा काढा. अँड्रॉइडवर मुळातच प्रत्येक टॅबला आयडी असतो, त्यामुळे हा त्रास कमी.

दुसरा खड्डा जरा खोल. आयफोनवर टॅबमधलं पान तो टॅब पहिल्यांदा उघडेपर्यंत तयारच होत नाही. पट्टीवर नाव दिसत असतं, पण आत पाटीही लागलेली नसते. अशा न जन्मलेल्या पानावरच्या लेबलमध्ये मजकूर भरायला गेलात की ॲप तिथल्या तिथे आडवं. तेव्हा पानाच्या घरात शिरून सामान ठेवू नका. सामान मधल्या सामाईक जागी ठेवा, पान उघडलं की ते स्वतः येऊन घेऊन जाईल.

इथपर्यंत सगळं कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये मिळेल. मला सांगायचंय ते वेगळंच.

आयफोनवर तुम्ही टॅबवर बोट ठेवलंत तर पट्टी तिच्या डेलिगेटला निरोप देते, की बाबा रे, अमुक टॅब निवडला गेला. पण तोच टॅब प्रोग्रॅमने बदलला तर निरोप येत नाही. शांतता. ॲपलने तसं लिहूनच ठेवलंय: हा निरोप फक्त माणसाच्या बोटासाठी. अँड्रॉइडची तऱ्हा बरोबर उलटी. तिथे प्रोग्रॅमने ‘सिलेक्टेडआयटमआयडी’ बदलला, तर ते टॅबवर टॅप केल्यासारखंच वागेल असं कागदपत्रांतच म्हटलंय. निरोप जातोच. आणि २०१९ मध्ये आलेल्या स्विफ्टयूआयमध्ये तर निवडलेला टॅब हे नुसतं एक व्हेरिएबल. बोटाने बदललं काय आणि कोडने बदललं काय, बघणाऱ्याला फरक कळत नाही.

म्हणजे बघा, एक म्हणतो माणसाचं बोट आणि प्रोग्रॅमचं बोट वेगळं. दुसरा म्हणतो बोट ते बोट. तिसऱ्याला बोट दिसतच नाही. प्रोग्रॅमर म्हणून आपण यावर फार तर ‘च्यायला’ म्हणून पुढे जातो. मीही गेलो असतो. पण झालं असं...

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो ती रक्त-लघवी तपासणीचं ॲप चालवायची. (नाव नको. चांगली माणसं होती.) चार टॅब: मुख्यपान, बुकिंग, रिपोर्ट, प्रोफाइल. मी रुजू झालो तेव्हा त्यात एक सोय आधीपासून चालू होती. ॲप उघडं असताना नवीन रिपोर्ट आला, की ॲप आपणहून रिपोर्टच्या टॅबवर जायचं आणि तो ताजा रिपोर्ट उघडून दाखवायचं. हेतू चांगलाच होता, लोक रिपोर्टची वाट बघत असतात, त्यांना शोधायला लावू नये.

टॅबला किती लोक भेट देतात याची मोजणी दोन्हीकडे त्या निरोपावर टांगलेली होती. परिणाम काय, तर अँड्रॉइडवर रिपोर्टच्या टॅबच्या भेटी जोरात आणि आयफोनवर जेमतेम. प्रॉडक्टवाल्यांनी बैठकीत आलेख दाखवला. अँड्रॉइडवाल्यांना रिपोर्टचा टॅब फार आवडतो, तेव्हा हेल्थ पॅकेजच्या जाहिराती तिथेच लावू या, असा बेत शिजत होता. मी निरोपाची भानगड समजावून सांगितली. अँड्रॉइडवरच्या यातल्या पुष्कळ भेटींमध्ये माणसाचं बोट नाहीच, प्रोग्रॅम स्वतःच जातो आणि स्वतःच स्वतःला मोजतो. कोणी स्वतःच्या दुकानाबाहेर स्वतःच रांगेत उभं राहावं तसं.

“पण लोक रिपोर्ट बघतायत ना शेवटी?” प्रॉडक्टच्या मॅडम म्हणाल्या.

“बघतायत की दाखवला जातोय, मॅडम?”

यावर बैठक संपली. म्हणजे वेळ संपली. निर्णय काही झाला नाही.

निर्णय झाला तो दोन आठवड्यांनी. आमच्या सपोर्टमधली एक मुलगी माझ्या डेस्कपाशी हेडफोन घेऊन आली. “दादा, हा कॉल ऐकून बघा ना. तक्रार कशात टाकू तेच कळत नाहीये.”

कॉलवरच्या बाई अजिबात चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या आईसाठी पुढची तपासणी बुक करत होत्या. आई शेजारीच बसलेली, घराचा पत्ता सांगत होती, ह्या टाइप करत होत्या. पत्ता अर्धा झालेला आणि स्क्रीन बदलली. आईचाच आधीचा रिपोर्ट, तिच्या नावासकट, लाल रंगातल्या आकड्यांसकट. आई मोबाईलमध्येच बघत होती. “तिला कसं आणि कधी सांगायचं हे आम्ही भावंडं डॉक्टरांशी बोलून ठरवणार होतो हो,” एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, “मी चुकून काही दाबलं का?”

हा शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. बाईंनी काहीच दाबलं नव्हतं. पण ॲपने त्यांच्या हातातून असं काही केलं होतं, की त्यांना ते आपल्याच बोटाने झालं असं वाटलं. टॅब बदलणं ही गोष्ट एवढी माणसाची आहे, की प्रोग्रॅमने केली तरी माणूस स्वतःलाच दोष देतो.

एकवेळ सरकारी कचेरीत बरं म्हणायचं. तिथला कारकून वर न बघता ‘चार नंबरच्या खिडकीवर जा’ म्हणतो, राग येतो, पण जाता तुम्ही. तुम्हाला उचलून चार नंबरसमोर कोणी ठेवत नाही. तीन नंबरच्या रांगेतली जागा धरायला कोणाला तरी सांगायला तुम्हाला वेळ मिळतो.

तो कॉल मी पुढच्या बैठकीत वाजवला. या वेळी आलेख कोणी काढला नाही.

आम्ही केलं ते अगदी साधं. रिपोर्ट आला की टॅबवर लाल बॅज आणि खाली छोटी पट्टी: ‘नवीन रिपोर्ट आला आहे. पाहायचा?’ पट्टीवर नाव नाही, आकडे नाहीत. बॅजची सोय आयफोनमध्ये पहिल्यापासून आहे, अँड्रॉइडच्या मटेरियल घटकांतही आता आयती मिळते. दाबलं तर जा, नाही तर जिथे आहात तिथे निवांत राहा, पत्ता पूर्ण करा.

कोडमध्ये मात्र एक नियम घातला, तो मी आजही पाळतो. टॅब बदलायचा तर सगळ्या ॲपमध्ये एकच दरवाजा, एकच फंक्शन. आणि त्याला दोन गोष्टी सांगायच्याच: कुठे जायचं आणि का जायचं. ‘का’ची उत्तरं मोजकी. माणसाने पट्टीवरचा टॅब दाबला. माणसाने ॲपमधलं दुसरं काही दाबलं, ज्यावर तिकडे जाईन असं स्पष्ट लिहिलंय. माणसाने बाहेरून नोटिफिकेशन किंवा लिंक दाबली. यादी संपली. ‘आम्हाला वाटलं त्याला आवडेल’ हे कारण यादीत नाही, त्यामुळे कोड कंपाइलच होत नाही. मोजणीही याच दरवाजावर बसवली, म्हणजे आयफोन गप्प बसतो आणि अँड्रॉइड बोलतो ही कटकट संपली, दोन्हीकडचे आकडे एका भाषेत बोलायला लागले.

बघा, तिन्ही कारणांत एक बोट आहे. प्रोग्रॅमने टॅब बदलू नये असं माझं म्हणणं नाहीच. ‘बुकिंग झालं, माझी बुकिंग पहा’ या बटणावर दाबल्यावर त्या टॅबवर नेलंच पाहिजे, न नेणं हा आळस. फक्त त्या एका ओळीपासून मागे मागे जात राहिलं, की कुठेतरी माणसाचं बोट सापडायला हवं.

हे मी एकटाच म्हणतोय असं नाही. वेबवरच्या सुगम्यतेचे जे जागतिक नियम आहेत, ‘डब्ल्यूसीएजी’, त्यांच्या २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ३.२.५ या क्रमांकाचं कलम आहे: संदर्भ बदलणारी गोष्ट माणसाने मागितल्यावरच घडावी, नाहीतर ती बंद करायची सोय तरी द्यावी. ते सर्वांत वरच्या, ‘एएए’ पातळीत आहे, म्हणून बैठकांमध्ये ‘ते कंपल्सरी नाही ना?’ असं म्हणून बाजूला ठेवलं जातं. पण डोळ्यांनी न बघता व्हॉइसओव्हर किंवा टॉकबॅक ऐकत ॲप वापरणाऱ्या माणसाचा विचार करा. तो पत्त्याच्या रकान्यात आहे, आणि पुढच्या क्षणी कानात हिमोग्लोबिनचा आकडा. स्क्रीन बदलली हे आपल्याला निदान दिसतं तरी. त्याला पायाखालची खोलीच बदललेली असते.

कलम ‘एएए’चं असेल. त्या बाईंच्या आईला पातळी माहीत नव्हती.

असो. विषय टॅबचा होता आणि कुठल्या कुठे गेलो. सोमवारी हापिसात गेलात की एक छोटंसं काम करा. तुमच्या कोडमध्ये टॅब बदलणाऱ्या ओळी शोधा आणि प्रत्येकीपुढे विचारा, बोट कुणाचं? उत्तर सापडलं नाही अशी ओळ निघाली तर कळवा, मी यादी करतोय.

पुढच्या शनिवारी बॅक बटण. तो तर महाभारताचा विषय आहे :)