पान येईल काय?

महाभारताच्या वनपर्वांत नलराजाची कथा आहे. राजा ऋतुपर्ण धांवत्या रथांतून बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें किती तें सांगतो. नल रथ थांबवून मोजून पाहतो, तों संख्या बरोबर! मग अश्वविद्येच्या बदल्यांत ऋतुपर्ण त्याला अक्षविद्या देतो. मोजणें आणि द्यूत यांचें नातें ओळखणारा हा कवि मला मोठा चतुर वाटतो. युरोपांत पास्कल व फर्मा यांनीं या नात्याचें गणित १६५४ सालच्या पत्रव्यवहारांत मांडलें.

उमरगा तालुक्यांतील आमच्या मुरुम गांवीं दिवाळीच्या सुटींत माळवदावर रमीचा डाव पडतो. आजीचा दंडक असा कीं, लावावयाचे ते चिंचोकेच. मला जिंकण्याहरण्याहून एकाच प्रश्नाचें वेड: हवें तें पान येण्याचा संभव किती?

समजा, खेळणारे दोघेच, जोड एक, जोकर नाहीं. तेरा पानें माझ्या हातीं, एक उघडें. म्हणजे ३८ पानें मला अज्ञात. हातांत बदामची पंजी व छक्की आहे; चव्वी किंवा सत्ती आली कीं क्रम जुळला. पहिल्या उचलींत संभव ३८ त २, म्हणजे एकोणिसांत एक. पंजी व सत्ती असून मधल्या छक्कीची वाट पाहिली, तर तोच संभव निम्मा. येथें चुलतभाऊ हटकून अडवितो, "अरे, पण तें पान समोरच्याच्याच हातांत असेल तर?" असेल, पण कोठें आहे हें ठाऊक नाहीं, तोंवर त्या ३८ पानांत भेद करावयाचा कशाच्या आधारें? पांच उचलींचा एकत्र हिशेब केला, तरी चव्वी-सत्तीपैकीं एक मिळण्याचा संभव जेमतेम पाव भरतो. पोकरमध्येंही हीच रीत. एका रंगाचीं चार पानें ठेवून पांचवें बदललें, तर न पाहिलेल्या ४७ पानांत त्या रंगाचीं ९ असतात. पांचांत एकाहूनही कमी.

आमच्या नात्यांतील एका गृहस्थांनीं उसाचें बिल हातीं आलें त्याच आठवड्यांत रमींत घालविलें, आणि त्या जूनमध्यें त्यांच्या मुलाची फी भरली गेली नाहीं. "चार वेळां आलें नाहीं, आतां येणारच," हें त्यांचें आवडतें वाक्य. त्यांत सत्याचा अंश आहे. फांसा मागचें विसरतो. पत्त्यांची जोड मात्र पुन्हा पिसेपर्यंत विसरत नाहीं. चार उचली फुकट गेल्या आणि समोरच्यानेंही चार भलतींच पानें टाकलीं, तर अज्ञात उरतात तीस. एकोणिसांत एक होतें तें पंधरांत एक झालें. "येणारच" याची किंमत एवढीच.

सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं म्हटलें कीं, रमींत पडलेलीं पानें ध्यानांत ठेवावीं लागतात, म्हणून तींत कौशल्य आहे. तीन पत्तीला तो मान मिळाला नाहीं. २०२५ सालच्या केंद्रीय कायद्यानें ऑनलाइन पैशाच्या खेळांस बंदी करतांना मात्र कौशल्य व दैव असा भेद ठेवला नाहीं. कौशल्य त्या गृहस्थांपाशीं होतेंच; पडलेलें एकूण एक पान त्यांना आठवे. अपूर्णांक तेवढा कधीं मांडला नव्हता. परवां मीं तो वहींत मांडून त्यांना दाखविला. पुष्कळ वेळ ते त्या आंकड्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "आणि उरलेले चवदा?"