सहा वाजले, पडदा कोरा!

मैत्रिणींनो, १९५६ सालच्या लंडनमधल्या एखाद्या घरात डोकावू या का? दिवाणखान्यात टीव्ही आहे, त्यावर बीबीसी लागतं. पण दिवसभर नाही हं! दुपारी आई लेकराला जवळ घेऊन ‘वॉच विथ मदर’मधला अँडी पँडी हा बाहुला बघते. पाचच्या सुमारास मोठ्या मुलांचे कार्यक्रम. आणि सहाच्या ठोक्याला पडदा चक्क कोरा! सातपर्यंत काही म्हणजे काही नाही. का? तर आईनं मुलांना निजवावं म्हणून! पुढे रात्रीचे कार्यक्रम. मध्येच खंड पडला तर कुंभाराचं फिरतं चाक दाखवायचे. शेवटी राष्ट्रगीत, की दिवस संपला.

पण त्या रिकाम्या तासात जाहिराती बुडतात म्हणून नव्या आयटीव्हीच्या कंपन्या कुरकुरू लागल्या. मंत्री चार्ल्स हिल स्वतः डॉक्टर. मुलांना कधी झोपवायचं ते आईबापच बघतील, असं त्यांचं मत. १६ फेब्रुवारी १९५७ पासून तो तास भरला.

स्वातंत्र्य मिळालं खरं. पण तोवर ‘आता पुरे’ हे टीव्हीच सांगायचा. त्या दिवसापासून तो वाईटपणा आईच्या वाट्याला आला. तुमच्या घरी कोण घेतं तो?